लाल झेंड्याखालची माती

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मीबी घेत न्हाय. पर डोकं फिरलं की घेते, आन् मग ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातंय. तवा ह्या गोष्टीत जितं जितं मी शंकरप्पा म्हणंन, तितं तितं समजा की बसम्माचं डोकं फिरलंय. एरवी आमचं मालक.

आमचं गाव सोलापूरनं अक्कलकोट रोडला लागलं की एमआयडीसी सोडून पुढं. गावाला तळं हाय. तळं म्हंजी काय, उन्हाळ्यात म्हशी बसायची जागा. आमची जमीन दोन तुकड्यात. एक माळावर, तितं कुसळ उगवायचं झालं तरी देवाला नवस बोलावा लागतोय. दुसरी तळ्याच्या खाली एवढीशी पट्टी. पर ती पट्टी! काळीशार, भुसभुशीत, मूठ वळली की लाडू व्हावा अशी. मालकांचा सगळा जीव त्या पट्टीत. लग्नात माझ्याकडं बघितलं नसंल तेवढं त्यांनी त्या मातीकडं बघितलंय. कुणी पावणा आला की चहाच्या आधी रानात न्यायचं, मूठभर माती त्याच्या हातात द्यायची आन् म्हणायचं, "माझ्या रानावानी माती जिल्ह्यात दाखवा." पावणा बिचारा माती धरून हुबा. टाकावी का खिशात घालावी कळायचं न्हाय.

ती माती तशी झाली कशी, ते सांगते. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी एक रंगाचा कारखाना व्हता. टावेलाचं सूत रंगवायचे. त्याचं पाणी ओढ्यातनं तळ्यात यायचं. ज्या दिवशी हिरवं टावेल, त्या दिवशी ओढा हिरवा. गुलाबी असलं की गुलाबी. आमी बाया धुणं धुवायला जाताना आधी ओढ्याचा रंग बघून जायचो, न्हायतर पांढरं लुगडं नेलं आन् पोपटी आणलं असं व्हायचं. पुढं तो कारखाना बंद पडला, कारखानदार कुटं गेला देव जाणे. पर ओढ्याच्या तोंडाशी गाळ साठलेला, मऊ, लोण्यावानी. गावात कुणाला त्याची किंमत न्हवती. आमच्या मालकांना व्हती. दर उन्हाळ्यात ट्रॉली लावून तो गाळ काढायचा आन् खालच्या पट्टीवर टाकायचा. लोक हसायचे. मग मेथी वर आली, पानं अशी हातभर, की हसणारेच पिशव्या घेऊन यायला लागले. सारं गाव आमच्या पट्टीची भाजी खायचं. आन् मालक मिशीला पीळ देत म्हणायचे, "अक्कल लागती."

आता खरी गोष्ट. आमचा प्रभू, एकुलता एक, एमआयडीसीत टावेलाच्या कारखान्यात मागावर हाय. बायको शिवानी, सातवा महिना तिला. दोघं तितंच एका खोलीत राहत्यात. खोली म्हंजी काय, चूल पेटवली की पाय बाहेर काढायचे. मी म्हणायचे, "या की रे घरी." त्यो म्हणायचा, "आई, एवढ्याशा पट्टीवर दोन संसार कसं व्हायचं? माळावर गाळ पडला, माळ पिकाया लागला, तर दुसऱ्या दिवशी मागाला रामराम ठोकतो." तवा मला काय पायजे व्हतं ते सरळ सांगते. मला गाळ पायजे व्हता. माझं नातवंड माझ्या अंगणात रांगाया पायजे व्हतं, आन् त्यासाठी माळावर काळी माती पायजे व्हती. बास.

आन् नेमकं ह्या साली तळ्यातला गाळ काढायचं मंजूर झालं. ज्याला पायजे त्यानं आपल्या रानात न्यावा. मी तर देवाम्होरं साखर ठेवली. तेवढ्यात आमचा सरपंच धनाजी तोंड पाडून आला.

"अक्का, घोटाळा हाय. गाळ काढायच्या आदी तपासणार म्हणं."

"कशाला?"

"त्यात काय रसायन-बिसायन हाय का बघाया. आधी कारखाना व्हता न्हवं वर. तपासात वाईट निघालं तर गाळ शेतात टाकू देत न्हाईत. काम दुसऱ्या गावाला जाणार."

"अय्यय्यो," मी म्हणलं, "माणसाची रक्तलघवी तपासाया दवाखान्यात डॉक्टर न्हाय, आन् चिखलाची तपासाया निघालेत!"

दोन दिसांनी एक साहेब आला, जीपमधनं उतरलाबी न्हाय नीट. माणसाकडनं तळ्यात तीन ठिकाणी बांबू रोवून घेतले, वर लाल झेंडे बांधले. हितली हितली माती घेणार म्हणाला, आन् गेला. सारं गाव त्या झेंड्यांकडं बघत बसलं.

संध्याकाळी पारावर बैठक. बायकांना बोलवत न्हाईत, पर मी पाराला टेकून शेंगा फोडत बसले. मला उठवायची कुणाची टाप हाय? कोंडीबा धनगर, म्हातारा, मेंढरं राखून राखून त्यांच्यासारखाच चावट झालेला. त्यो म्हणाला, "त्यात काय येवढं. पोरगी दाखवायची असली तर तोंडाला पावडर लावतोच की. तळ्यालाबी लावा."

सगळे हसले. आमचे मालक न्हाय हसले. ते हुबे राहिले. ते हुबे राहिले की मला धडकी भरती.

"झेंडे कुटं हायत ते ठावं हाय," ते म्हणाले. "तितंच माती घेणार. मग झेंड्याखाली चांगली माती घालूया की."

"कुटली चांगली?" धनाजी म्हणाला.

आता ह्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते तुमाला सांगायला पायजे का? छाती फुगली. "जिल्ह्यातली नंबर एक माती गावात असताना विचारतोस कुटली?"

मी शेंगा तितंच टाकल्या. "शंकरप्पा!" म्हणलं. "स्वतःच्या रानाची माती नेऊन तळ्यात टाकणार? अक्कल गहाण ठेवलीस काय?"

"सुम्म कुंदुर," ते कानडीत म्हणाले. गप बस म्हणून. भांडण कानडीत, मोठेपणा मराठीत, ही आमच्या घरची रीत.

मी गप बसले. का बसले? कारण मलाबी गाळ पायजेच व्हता की.

चोरून-बिरून काय न्हाय, भर दिवसा झालं सगळं. धनाजीचं डोकं असल्या कामात लई चालतंय. त्यानं बॅनर छापून आणला, 'स्वच्छ तळे, सुंदर गाव, भव्य श्रमदान', वर त्याचा सोता नमस्कार करतानाचा फोटो. गाव जमलं. झेंड्याभवतीचा चिखल उपसला, खड्डा केला, आन् आमच्या पट्टीची माती ट्रॉलीतनं आणून खड्ड्यात भरली. वर तळ्याचा चिखल थापला, पाणी मारलं, म्हशी फिरवल्या. मालक असे देखरेख करत व्हते, जसं काय देवळाचा पाया भरतायत. "हळू टाका, हळू. दाबू नका, तिचा जीव जाईल." मातीचा! माझ्या बाळंतपणात असं म्हणाले नव्हते. धनाजीनं फोटो काढून मोबाईलच्या स्टेटसला लावला, खाली दोन हात जोडलेले. तालुक्याच्या पुढाऱ्यानं अंगठा पाठवला.

मग ती पोरगी आली. रुपाली नाव, जेऊरची, सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत कामाला. अंगावर जीन पँट, पायात सँडल, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, आन् हातात एक पांढरा डबा, बर्फाचा. कोंडीबा म्हणाला, "कुल्फी आणलीया वाटतं." ती हसली. "आजोबा, माती ठेवायला. उन्हात ठेवली तर बदलते." लोखंडाची एक लांब नळी आणलेली, ती चिखलात दाबायची, वर काढली की आतला चिखल थराथरानं मिळायचा, जसा केळीच्या सालीतनं गर काढावा. तिनं हातमोजे चढवले आन् पहिल्या झेंड्याकडं निघाली. सारं गाव मागं. वरात म्हणा की.

नळी घातली, काढली, पत्र्यावर चिखल सरकवला. वर तळ्याचा राखाडी थर. खाली काळीशार माती. आमचे मालक हळूच म्हणाले, "बघा कशी हाय, डोळं निवत्यात."

ती पोरगी वाकून बघत व्हती. चिमट्यानं काहीतरी वर काढलं. ज्वारीचं धसकट. मुळासकट.

"मावशी," ती मला म्हणाली, सगळ्यांना सोडून मलाच, "तुम्ही तळ्यात ज्वारी पेरता का?"

मी पदर सारखा केला. "वाऱ्यानं आलं असंल, बाई."

"एवढं खोल?"

"आमच्याकडं वारं लई," धनाजी मधीच म्हणाला.

दुसऱ्या झेंड्याखाली मेथीचं मूळ निघालं. पाला अजून हिरवा. तिनं ते पिशवीत घातलं, पिशवीवर काय तरी लिहिलं. तिसऱ्याला निघालं आमच्याच बैलाच्या गळ्यातलं तुटकं कवडीच्या गोंड्याचं तुकडं, गेल्या बेंदरापासनं हरवलेलं. मी तर ओळखलं, पर तोंड उघडलं न्हाय.

मग ती पोरगी उठली आन् जितं झेंडा न्हाय तितं, तळ्याच्या मधे, ओल्या गाळात निघाली.

"मॅडम, मॅडम! झेंडे हिकडं हायत!" मालक ओरडले.

"दिसले, काका. मला आणखी थोडी घ्यायची आहे."

"तितं रुताल!"

आन् रुतलीच की. गुडघ्यापर्यंत. नळी एकीकडं, पोरगी एकीकडं. सगळे बाप्ये काठावरनं सल्ले देतायत, असा पाय काढा, तसा काढा. एकजण आत जाईल तर शपथ. मी लुगडं खोचलं, गेले आत, काखेत हात घालून ओढली तिला. एक सँडल गाळात राहिली ती राहिलीच. पर त्या पोरीनं माती घेतल्याशिवाय तळं सोडलं न्हाय. मधली घेतली, पलीकडची घेतली, एकेक पिशवी बर्फात. मला तिचा राग आला, आन् ती आवडलीबी. माझी लेक असती तर अशीच खोडील असती.

तिला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आन् पट्टीतली मेथी, लसणाची फोडणी देऊन.

"मावशी, काय चव आहे!" तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली.

मालक दारातच बसलेले. झालं, सुरू. "आमच्या पट्टीची. माझ्या रानावानी माती जिल्ह्यात दाखवा. माझ्या सुनंला दर सोमवारी पिशवी भरून पाठवतो एमआयडीसीत. सातवा महिना हाय तिला. म्हणलं, पोटातल्या बाळाला आदीपासनंच रानाची चव लागू दे. उद्या येणार हाय ना हितं ऱ्हायला."

"नशीबवान सून आहे तुमची," ती म्हणाली. जाताना माझी चप्पल घालून गेली.

पुढचे दिवस गावात सगळ्यांनी आपापल्या रानात गाळ किती टाकायचा ह्याचीच गणितं केली. प्रभूचा फोन यायचा, "आई, कळलं का काय?" मी म्हणायची, "कळंल रे, चिखलाचा निकाल हाय, दहावीचा न्हाय." पर रोज देवाम्होरं हात जोडत व्हते. माळावरची दगडं येचून बांधाला लावून ठेवली, म्हणलं गाळ आला की लगेच पसरायला बरं.

आन् एक दिवस रुपाली परत आली. पंचायतीच्या हापिसात सगळे जमले. ती खुर्चीवर, बाकी सगळे सतरंजीवर, मी दारात. तिनं कागद काढला पर वाचला न्हाय. आमच्याकडं बघितलं.

"सरळ सांगते," ती म्हणाली. "तळ्यातला गाळ चांगला आहे. मधला, पलीकडचा, सगळा. शेतात टाकायला हरकत नाही."

असा गलका झाला! धनाजीनं टाळी वाजवली. मालकांनी माझ्याकडं बघून मिशी पिळली. माझ्या डोळ्याम्होरं प्रभूची खोली रिकामी झालीसुदा.

"थांबा," ती म्हणाली. "झेंड्याखालची माती वाईट आहे. तिन्ही ठिकाणची. शिसं आहे, क्रोमियम आहे, रंगकामातलं सगळं. नको तेवढं."

गलका बंद.

धनाजीचं तोंड उघडं. मी बाकीच्यांची तोंडं बघितली. एकेकाच्या डोक्यात दिवा लागत व्हता, आन् जो तो मान खाली घालत व्हता. कोंडीबानं हळूच सोताच्या पोटावर हात ठेवला. मग त्याच्या शेजारच्यानं ठेवला. सगळ्यांच्या पोटात आमची मेथी. शिवी घालतील असं वाटलं मला, पर न्हाय. मालकांचं नाव घ्यायला कुणी तयार न्हवतं. तेवढी माणुसकी गावात अजून हाय.

रुपाली म्हणाली, "त्या मातीत धसकट आणि मेथी निघाली. ती तळ्याची नाही, कुठल्या तरी शेताची आहे, हे मला दिसतंय. पण मला दिसलं म्हणून कागदावर चालत नाही. साहेबांनी झेंडे लावले, झेंड्याची माती वाईट, म्हणजे तळं नापास. ती कुठून आली हे तुमच्यापैकी कुणी सांगितलं तर मी ती काढून परत तपासते. नाहीतर काम गेलं."

"वरनं वाहून आली असंल," धनाजी म्हणाला. आवाज एवढासा.

"उन्हाळ्यात?"

माझ्या जिभेवर आलं व्हतं. एक मन म्हणत व्हतं, बोल बसम्मा, गाळ मिळंल, माळ पिकंल, पोरगं घरी येईल. दुसरं मन मालकांकडं बघत व्हतं. ते तसेच बसलेले, भुवया आकसून. त्यांना अजून कळलंच न्हवतं. देवाशप्पथ सांगते, सगळ्या गावाला कळलं, त्या एका माणसाला न्हाय. आपली माती वाईट असंल हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच न्हवती.

"तुमचं मशिन बिघडलंय," ते म्हणाले.

"दोनदा केलं, काका. ज्या शेतातून ती माती आली, तिथं पालेभाजी तर अजिबात लावू नये. ती जमीन विषारी झालीय."

झालं. मालक उठले. टोपी खाली पडली, ती उचललीबी न्हाय.

"विषारी? ए पोरी! कुणाच्या मातीला विषारी म्हणतीस? तू आत्ता आलीस, मी जल्म घातलाय त्या मातीत! दर साल ओढ्याच्या तोंडाचा गाळ काढून, अंगावर वाहून केलीया ती! सारं गाव खातंय त्या रानाची मेथी! तू सोता खाल्लीस, दोनदा वाढून घेतलीस! माझी सून खातीय! दर सोमवारी पिशवी भरून..."

तितं थांबले.

तोंड तसंच उघडं. हात तसाच वर. मी माणसाला रडताना बघितलंय, मरताना बघितलंय, पर आपलंच बोलणं आपल्या कानावर पडताना कुणाला बघितलं न्हवतं. हळूहळू हात खाली आला. माझ्याकडं बघितलं. माझंबी काळीज तितंच अडकलं व्हतं, त्या पिशवीत. मी सोता जुड्या बांधायची, सोता पाणी शिंपडायची.

"बसम्मा," ते म्हणाले, "ओढ्याचाच गाळ घातला की गं मी. दर साल."

खुर्चीवरनं रुपाली उठली, त्यांना हाताला धरून बसवलं. पाणी दिलं. तिचाबी चेहरा पडलेला. "काका, तुम्हाला कुठून कळणार? कारखान्याचं सगळं ओढ्याच्या तोंडाशी बसलं, आणि तुम्ही ते उचलून नेलंत. म्हणून तर तळं स्वच्छ राहिलं." मग मला म्हणाली, "मावशी, सुनेला उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. रक्त तपासायला सांगा. घाबरू नका, पण न्या."

घाबरू नका म्हणं. सांगणाऱ्याचं काय जातंय.

त्या सांजेला मी घरात तोंड सोडलं. शंकरप्पा ह्ये आन् शंकरप्पा त्ये. अक्कल लागती म्हणत व्हतास, कुटं हाय ती? सोन्यावानी सुनंला विष चारलंस. गावाला चारलंस. मला चारलंस, तेवढं एक बरं केलंस. त्यो माणूस एक शब्द उलट बोलला न्हाय. कानडीतबी न्हाय. उठला, पट्टीत गेला, आन् हिरवीगार मेथी हातानं उपटाया लागला. मी बांधावर हुबी राहून शिव्या घालत व्हते, मग शिव्या संपल्या. मीबी खाली बसून उपटाया लागले.

शिवानीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिसं जरा जास्त निघालंय, पर वेळेवर आलात. ती भाजी बंद, परत तपासू, बाळाची वाढ चांगली हाय. प्रभू भिंतीला टेकून हुबा. बापाकडं बघितलंबी न्हाय. बापबी त्याच्याकडं न्हाय. शिवानीच बिचारी म्हणाली, "मामा, पालेभाजी तर खायलाच पायजे म्हणाल्यात. फक्त दुसरीकडची." हे तिनं त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं. पर 'दुसरीकडची' हा शब्द त्यांना कसा लागला, ते मी बघितलं.

हिकडं तळ्याचं काम अडलं न्हाय. रुपालीच्या सांगण्यावरनं झेंड्याखालची माती परत काढायची ठरली. पुन्ना श्रमदान. ह्या बारीला बॅनर न्हवता आन् धनाजीनं स्टेटसबी ठेवलं न्हाय. भरताना जे हसत व्हते तेच नाकाला रुमाल बांधून उपसत व्हते. ती माती आमच्याच पट्टीच्या कोपऱ्यात, प्लास्टिक अंथरून, वर झाकून ठेवलीया. सरकार काय ते सांगंल म्हणं. सांगंल तवा सांगंल. पट्टी पडून हाय. रुपाली म्हणाली, खायचं सोडून दुसरं काय लावता येईल ते बघू. कोंडीबा त्या वाटंनं जाताना आता मेंढरं लांबनं नेतो. मालकांना दिसू नये म्हणून मुद्दाम चावट काय तरी बोलतो, पर नेतो लांबनंच.

परत तपासलं, तळं पास झालं, आन् आमच्या माळावर गाळ पडला. काळाशार. मी रांगोळी घातली असती बघा, एवढा आनंद व्हायला पायजे व्हता. प्रभू रविवारी बघायला आला. मूठभर गाळ उचलला. पूर्वी बाप पावण्याच्या हातात माती द्यायचा, तसा हातात धरून हुबा राहिला.

"आई, ह्यो तपासलाय नव्हं?"

"दोनदा," मी म्हणलं.

त्यानं मूठ उघडली, माती खाली सोडली, हात पँटीला पुसले. "बाळ होऊ दे. मग बघू."

माळ पिकायच्या आदीच पोरगं हातचं गेल्यावानी वाटलं मला. मालकांनी ऐकलं. बांधावरचं एक दगड उगाच हिकडचं तिकडं ठेवलं.

सोमवार आला. मालक पिशवी घेऊन दारात हुबे.

"कुटं निघालासा?"

"सोलापूरला. सुनंला भाजी पायजे न्हवं."

मी बरोबर गेले. एकट्याला सोडायचं मन हुईना. मंडईत गेलो. आता हे ध्यानात घ्या, ह्या माणसानं जल्मात भाजी विकत घेतली न्हवती. दुसऱ्याची भाजी म्हंजी त्यांना दुसऱ्याचं धोतर. ढीग बघत, नाक मुरडत, शेवटी एका भाजीवालीम्होरं बसले. तिची मेथी चांगली व्हती. एक जुडी उचलली, मुळं नाकाला लावली, मुळाला चिकटलेली माती बोटानं चोळून बघितली.

"कुटली?"

"वैरागकडची," ती म्हणाली. "आमच्या घरच्या रानातली."

"माती तपासलीया?"

"ऑं?"

"मातीत काय हाय बघितलंय का? शिसं-बिसं?"

"आजोबा, मेथी घ्यायचीया का तिच्याशी सोयरीक जुळवायचीया?" गिऱ्हाईकं हसली. बाईला चेव आला, कंबरेवर हात ठेवला. "माती विचारताय? या एकदा, दाखवते. माझ्या रानावानी माती जिल्ह्यात दाखवा!"

मी डोळे मिटले. म्हणलं, आता हा माणूस हितं भर मंडईत भांडणार.

न्हाय भांडले. जुडी हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "आसंल, बाई. चांगलीच आसंल. आमीबी असंच म्हणत व्हतो. पर एकदा तपासून घे. घरात कोण पोटुशी असली तर आदी घे."

ती बाई हसायची थांबली. काय कळलं तिला देव जाणे, पर एक जुडी जास्तीची पिशवीत टाकली.

प्रभू मागावर गेल्ता. शिवानीच्या खोलीत पोचलो, ती झोपलेली. तिला उठवलं न्हाय. मालक नळाखाली बसले आन् मेथी धुवाया लागले. एकदा धुतली. पाणी टाकलं. परत धुतली. पानं मोडाया लागली तरी धूतच व्हते. मातीचा कण राहिला न्हवता तिच्यावर.

"शंकरप्पा," मी म्हणलं. माझं डोकं फिरलं न्हवतं, तरी म्हणलं. "बास झालं आता. आणा हिकडं, मी निवडते."

त्यांनी मेथी माझ्या पदरात टाकली आन् शेजारी बसून देठं मोडाया लागले.